काळ्या घोड्याचे कान

बावीस वर्षं मी या चित्रासमोर बसते आहे.
खुर्ची बदलली तीनदा, चित्र नाही.
हिवाळ्यात खिडकीतून व्होल्गाचा पांढरा उजेड येतो
आणि दुपारी दोनच्या सुमाराला
बरोबर घोड्याच्या मानेवर टेकतो.
तेव्हा तो घामेजल्यासारखा दिसतो.
बाई मात्र कोरडीच.

आज पीटर्सबर्गहून आर्सेनी ग्लेबोविच आलेत,
मागे अकरा विद्यार्थी, ओल्या बुटांचे.
ते छडी न टेकवता दाखवतात:
काळा घोडा म्हणजे वासना,
टोपीवरून सुटलेली निळी जाळी म्हणजे नियती,
कुत्रा निष्ठा, मागचं वादळ येऊ घातलेला काळ,
आणि एका अंगावर बसून
दोन बोटांत लगाम धरलेली वार्वारा ल्वोव्ना
म्हणजे साम्राज्य.
विद्यार्थी लिहून घेतात.
एक मुलगी विचारते,
साम्राज्याचे हातमोजे इतके छोटे कसे?

मी काही बोलत नाही.
मला पगार मिळतो तो
'हात लावू नका' एवढंच म्हणण्याचा.

पण इथे येण्याआधी मी
सामूहिक शेतीच्या पागेत होते, एकोणीस वर्षं.
खरारा, चंदी, मध्यरात्री अडलेल्या घोड्या.
घोडा पायांनी फसवतो कधीकधी,
कानांनी नाही.
बिथरला की कान मागे जातात, मानेला चिकटतात.
याचे पुढे आहेत. दोन्ही.
आणि डावीकडे वळलेले, जिथे चौकट संपते.
नाकपुडी फुललेली, पण कड मऊ.
वरचा ओठ जरासा लांबवलेला.
हे घरी बसून सुचत नाही कुणाला,
हे समोर दिसावं लागतं.
आर्सेनी ग्लेबोविच, त्याला पाव दिसतोय.
राईचा काळा पाव, वर मीठ.

एकदा दिवे मालवताना टॉर्च तिरका पडला
तर डाव्या कडेला, जमिनीवर,
गवताहून किंचित गडद असं काहीतरी. लांबट.
नोंदवहीत तो 'ओलीमुळे पडलेला डाग' आहे.
मी सावली म्हणते.
पुढच्या साली दुरुस्तीवाले येतील, पुसतील.

खालच्या पितळी पट्टीवर बाईचं नाव आहे,
नवऱ्याचं, हुद्द्यासकट,
घोड्याचंसुद्धा: अगात.
कुत्र्याचं नाही. कुत्र्याला त्याचं काही नसावं.
तळघरात त्या जहागिरीची जमाखर्चाची वही आहे.
त्या वर्षी अगात, अठराशे रुबल.
खाली दोन ओळी सोडून
मोतद्दार पान्क्रात, बायको आणि एका मुलासह,
सहाशे दहा.
मुलाचं वय लिहिलंय.

तोच तो, असं मला म्हणायचं नाही.
मोतद्दार पुष्कळ असतात.
पण जनावर अर्धा दिवस उन्हात एका जागी उभं ठेवायचं,
वर बाई, समोर चित्रकार,
तर पाव कुणीतरी धरावाच लागतो
आणि हात भरून आला तरी
खाली घ्यायचा नसतो.

सगळे पुढच्या दालनात गेले.
ती हातमोजेवाली मुलगी रेंगाळली.
'आजी, तो बघतोय कशाकडे?'

मी सांगितलं नाही.
खिशात डब्यातला उरलेला तुकडा होता,
तो तळहातावर ठेवला,
बोटं सपाट, अंगठा मिटलेला, द्यायचा असतो तसा,
आणि चौकटीच्या डावीकडे जाऊन उभी राहिले.

ती घोड्याकडे बघत राहिली.
मग माझ्याकडे. मग पुन्हा घोड्याकडे, बराच वेळ.
पलीकडून आर्सेनी ग्लेबोविच यांचा आवाज येत होता,
दुसरं चित्र, दुसरी नियती.

माझा हात भरून आला.
मी खाली घेतला.